बोनो की स्प्रिंगस्टीन? भरिताच्या पंगतीतला वाद

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि आमच्या पंगतीत हा वाद पेटला: यू-टू या आयरिश रॉक बँडचा गायक बोनो भारी की अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन? मित्र बोनोचा भक्त. डिसेंबर 2019 मध्ये नवी मुंबईला यू-टूचा कार्यक्रम झाला, तेव्हा भुसावळहून रात्रीची गाडी पकडून गेला होता. "काय भो, तू तर यूट्यूबवरच बघतो!" हे ऐकून घ्यावंच लागतं.

बोनोचं राजकारण दरबारी. पंतप्रधान असो की पोप, जाऊन भेटणार. एड्सच्या औषधांसाठी त्याने अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्याशीही जुळवून घेतलं. 2003 मध्ये अमेरिकेने आफ्रिकेसाठी मोठा निधी जाहीर केला, त्यामागे त्याचाही रेटा होता. पण प्रतिमा? 2014 मध्ये न विचारता लोकांच्या आयफोनमध्ये यू-टूचा अल्बम घुसवला, लोक वैतागले. नंतर त्याने माफी मागितली म्हणा. आणि तो चष्मा! काचबिंदूमुळे घालतो, पण ऐट वाटते खरी.

स्प्रिंगस्टीन थेट बाजू घेतो, 2004 पासून डेमोक्रॅट उमेदवारांसाठी गातोय. जीन्स घातलेला कामगार ही त्याची छबी, पण कारखान्यात आपण कधी कामच केलं नाही, हे तो स्वतःच सांगतो. मला तिथेच तो आवडला.

स्टेजवर मात्र तुलनाच नको. 2012 ला हेलसिंकीत चार तासांहून जास्त वाजवलं, वय 62! आपल्याकडे तमाशाचा फड रात्रभर चालायचा, तसलाच दम. बोनो गर्दी जिंकतो. हा गर्दीला दमवतो.

मित्राला पटलं नाही. भरीत मात्र दोघांनी एकाच ताटात ओढलं.