आर्लिंग्टनला गेलात तर चॅप्लिन्स हिलही बघा (५ पैकी ५)

साताऱ्याहून सासरे आले होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये त्यांना व्हाइट हाउसपेक्षा आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीची ओढ जास्त. मेट्रोच्या ब्लू लाइनने गेलो. प्रवेशाला पैसे नाहीत, पण फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. अनाम सैनिकाच्या समाधीवरचा पहारा हिवाळ्यात तासातासाने बदलतो; बाबांनी तो दोनदा बघितला.

तिथून चॅप्लिन्स हिलवर गेलो, सेक्शन २ मध्ये. चॅप्लिन म्हणजे सैन्यातला धर्मगुरू. "म्हणजे आमचे पंडितजी," बाबा म्हणाले. इथे ज्यू चॅप्लिनांच्या स्मारकावर १४ नावं आहेत. मी आले होते त्यातल्या एकासाठी: रब्बी अलेक्झांडर गुड, पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावचे.

३ फेब्रुवारी १९४३च्या मध्यरात्रीनंतर ग्रीनलंडच्या वाटेवर 'डॉर्चेस्टर' जहाजाला जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. ९०२ जणांपैकी ६७२ गेले. जॉन माहोनी नावाचा नौदल अधिकारी हातमोजे आणायला केबिनकडे परत निघाला, तर गुडनी त्याला अडवून स्वतःचे दिले. माझ्याकडे दुसरा जोड आहे, म्हणाले. दुसरा जोड नव्हताच, हे माहोनीच्या नंतर लक्षात आलं. बाबा हसले. "असली थाप आमच्याकडेही मारायचे." मग बराच वेळ गप्प.

गुड आणि आणखी तिघे चॅप्लिन, दोन प्रोटेस्टंट आणि एक कॅथलिक, यांनी आपली लाइफ जॅकेटंही सैनिकांना देऊन टाकली आणि जहाजाबरोबर गेले. त्या तिघांची नावं या टेकडीवर कधीच लागली होती: प्रोटेस्टंट स्मारक १९८१चं, कॅथलिक १९८९चं. गुडचं नाव लागायला २४ ऑक्टोबर २०११ उजाडला. मला हे अजून पचत नाही. १९२१ साली अनाम सैनिकाच्या दफनविधीला दहा वर्षांचा हाच मुलगा मैलोन्‌मैल चालत आर्लिंग्टनला आला होता, असं सांगतात.

चढ आहे. बाबांच्या गुडघ्यांचा विचार न करता मी त्यांना सगळं पायी फिरवलं, ही चूक माझी. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर टूर बसचं तिकीट काढा, आणि फेब्रुवारीत जाणार असाल तर हातमोजे न्या. मी विसरले होते.