चेहऱ्याच्या संवेदी नसांचं मॉडेल: छिद्रं अचूक, जबड्याचा कोपरा चुकलेला

अर्ध्या चेहऱ्याचं, खऱ्या मापाचं हे प्लास्टिकचं मॉडेल घ्यावं ते एका गोष्टीसाठी. ट्रायजेमिनल, म्हणजे मेंदूतून निघणारी पाचवी नस, हाडातून चेहऱ्यावर कुठे उतरते हे त्यात बोटाने चाचपता येतं. तिच्या तीन शाखा: पहिली कपाळ-डोळ्याकडे, दुसरी गाल-वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. भुवईजवळची सुप्राऑर्बिटल खाच मध्यरेषेपासून सुमारे २.५ सेंमीवर, इन्फ्राऑर्बिटल छिद्र डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपासून साधारण १ सेंमी खाली, मेंटल छिद्र खालच्या दुसऱ्या उपदाढेजवळ. डोळ्याच्या बाहुलीतून उभा दोरा सोडा, तिन्ही जवळपास त्याच रेषेत येतात.

खालचा जबडा सुटा होतो, ही मोठी जमेची बाजू. हाडाच्या आतल्या बाजूच्या छिद्रातून शिरणारी, खालच्या दातांची आणि ओठाची इन्फिरिअर अल्व्हिओलर नस आणि तिच्या थोडी पुढे, आतल्या अंगाला असलेली जिभेची लिंग्वल नस शेजारी-शेजारी दिसतात. दातांसाठी बधिरतेचं इंजेक्शन देताना सुई या छिद्राच्या खाली गेली तर जीभ बधिर होते पण ओठ होत नाही, ते का, हे इथे एका नजरेत कळतं.

नाकाच्या शेंड्यापर्यंत पहिल्या शाखेचा रंग नेला आहे, तोही बरोबर. शेंड्यावर नागिणीचे फोड आले तर डोळा ताबडतोब तपासायचा असतो, कारण बुबुळाकडे आणि शेंड्याकडे जाणारे तंतू पहिल्या शाखेच्या एकाच नेझोसिलियरी नसेचे.

आता गंभीर चूक. जबड्याच्या कोपऱ्यावरची त्वचा तिसऱ्या शाखेच्या रंगात रंगवली आहे. ती जागा मानेतून येणाऱ्या ग्रेट ऑरिक्युलर नसेची (सी२, सी३, म्हणजे मानेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या मज्जारज्जू-नसा). ट्रायजेमिनल पूर्ण निकामी झाली तरी तिथली संवेदना शाबूत राहते, आणि तपासणीत हाच धागा उपयोगी पडतो. शिकवायला घेण्याआधी तेवढा भाग ॲक्रिलिक रंगाने वेगळा करा.

गालातही गोंधळ आहे. तिसऱ्या शाखेची बक्कल नस फक्त संवेदनेची. गालाच्या बक्सिनेटर स्नायूला ती भेदून जाते, पण त्याला हलवते ती फेशियल नसेची (चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस) त्याच नावाची शाखा. मॉडेलमध्ये दोन्ही पिवळ्या! विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात, त्यामुळे एक रंग बदलायलाच हवा.

सुटे भाग जोडणारे चुंबक ठीक आहेत. गालाच्या हाडावरचा झायगोमॅटिकोफेशियल तंतू मात्र फार नाजूक, मॉडेल उचलताना तळाला धरा. कवटीचा तळ यात नाही. रोटंडम आणि ओव्हाले ही छिद्रं (दुसरी आणि तिसरी शाखा कवटीतून जिथून बाहेर पडतात ती) शिकवायला वेगळी कवटी लागेलच.