साताऱ्यात कॉलेजचं पहिलं वर्ष: रोजची एसटी की शहरात मुक्काम?

बारावीचा निकाल लागतो, साताऱ्यात ॲडमिशन होतं आणि कोरेगाव, मेढा, रहिमतपूर, वाई, वडूजकडच्या घरांत एकच चर्चा सुरू होते. पोरानं रोज ये-जा करायची, की तिथंच राहायचं? बहुतेक घरांत ही चर्चा पैशावर सुरू होते आणि पैशावरच संपते. पैसा महत्त्वाचा आहेच, पण त्याआधी एक गोष्ट बघा: लेक्चर संपल्यावर, दुपारी दोन ते सहा, मुलगा किंवा मुलगी कॉलेजात थांबू शकणार आहे का?

पहिल्या वर्षाचं खरं पीक या चार तासांत येतं. सायन्सची प्रॅक्टिकल बऱ्याचदा दुपारीच असतात. एनसीसीची परेड, ग्राउंड, वक्तृत्वाची तयारी, ग्रंथालयात निवांत बसणं आणि सरांना गाठून न समजलेलं पुन्हा विचारणं, हे सगळं लेक्चरच्या आधी किंवा नंतर होतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, दर सेमिस्टरला २२ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक) असतात, आणि एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), एनसीसी, खेळ यांनाही त्यात जागा आहे. एकट्या एनएसएसचे दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, शिवाय सात दिवसांचं शिबिर. ‘पहिलं वर्ष काय, असंच जातं’ हे जुनं बोलणं आता सोडून द्यावं.

आधी ये-जा. विद्यार्थी पासावर एसटी ६६.६७ टक्के सवलत देते, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांशच भरावा लागतो. मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंतच असतो. कॉलेजात आल्यावर त्यांनाही हाच सवलतीचा पास काढावा लागतो. रूमभाडं, मेस, डिपॉझिट यांच्यापुढे हा खर्च किरकोळ आहे. घरचं जेवण मिळतं, आजारी पडलं तर आई जवळ असते. सतरा-अठराव्या वर्षी याची किंमत मोठी आहे, ती कुणी कमी लेखू नये.

पण अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, गाड्यांच्या वेळांत मोजा. कोरेगाव विसेक किलोमीटर, गाड्या भरपूर. तिथल्या मुलानं रूम घेण्याचं कारण मला दिसत नाही. मात्र तेवढ्याच अंतरावरच्या आडगावात सकाळी फक्त मुक्कामी गाडी निघते आणि संध्याकाळी साताऱ्याहून परतायला एकच गाडी असते. ती पाचला सुटत असेल, तर साडेचारला प्रॅक्टिकलमधून उठावंच लागतं. जावळीत किंवा कास-बामणोलीकडे जुलैच्या पावसात ती गाडीही भरवशाची राहत नाही, आणि नेमके तेच कॉलेजचे पहिले आठवडे असतात. रेल्वेचा विचार करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की सातारा स्टेशन शहराबाहेर माहुलीकडे आहे. तिथून शहरातल्या पोवई नाक्यापर्यंत पुन्हा रिक्षा किंवा बस आलीच.

आणखी एक गोष्ट, जी घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. ये-जा करणारं पोर घरी पोचलं की ते विद्यार्थी राहत नाही, घरातला एक कामाचा हात होतं. गुरांचं वैरण-पाणी, धारा, डेअरीला दूध घालणं. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि पहिल्या सेमिस्टरची परीक्षा जवळपास एकत्रच येतात. घरच्यांना मदत करणं योग्यच आहे, पण ये-जा ठरवताना वडिलांशी हे आधीच बोलून घ्यावं: परीक्षेआधीचे पंधरा दिवस शेतात बोलावणार नाही, असा शब्द घ्यावा.

आता साताऱ्यात राहणं. इथं ‘राहणं’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात, कॉलेजचं हॉस्टेल आणि बाहेरची रूम, आणि पहिल्या वर्षासाठी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हॉस्टेलात वरच्या वर्गाची मुलं भेटतात. जर्नल कसं लिहायचं, कुठला पेपर कसा येतो, स्कॉलरशिपचा फॉर्म कधी भरायचा, हे जेवताना कळतं. साताऱ्याला तर ही परंपराच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली इथं सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग सुरू केलं आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. आधी वसतिगृह, मग कॉलेज. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्याच विचारातली. घरची ओढाताण असेल तर तिची चौकशी पहिल्याच दिवशी ऑफिसात करा, यात कमीपणा मुळीच नाही.

रूममध्ये मोकळीक जास्त, पण शिस्त स्वतःच लावायची असते. चार गावांतली चार मुलं, प्रत्येकाच्या झोपेच्या वेळा वेगळ्या, रविवारी संध्याकाळी मेस बंद. गोडोलीत किंवा सदर बझारात स्वस्त रूम मिळाली म्हणून घाई करू नका. पाणी किती वेळ येतं, घरमालक तिथंच राहतो का, डिपॉझिट परत कधी मिळतं, हे विचारा. पहिल्याच वर्षी थेट रूम घेणं मला तरी पटत नाही. दुसऱ्या वर्षी मित्र ओळखीचे झाले की तेच सोपं जातं.

खर्चासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांचं महाडीबीटी पोर्टल बघावं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलातून आधीच काढून ठेवा.

माझं मत सांगायचं तर: आर्ट्स-कॉमर्सला सकाळचं कॉलेज, घरापासून तासाभराच्या आतला प्रवास आणि संध्याकाळी सहानंतरही गाडी, तर ये-जा करा, फक्त आठवड्यातले दोन दिवस शेवटच्या गाडीपर्यंत कॉलेजात थांबायचं ठरवा. सायन्स किंवा इंजिनिअरिंग, जाऊन-येऊन तीन तासांपेक्षा जास्त प्रवास, तर हॉस्टेल. मुलगी आहे म्हणून आपोआप ये-जा, हा निर्णय मात्र घेऊ नका. अंधारात फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालत जाण्यापेक्षा मुलींचं हॉस्टेल कितीतरी सुरक्षित असतं.

आणि हॉस्टेलचा अर्ज ॲडमिशनच्या दिवशीच देऊन टाका. पुढं ये-जा करायचं ठरलं तर नाव मागे घेता येतं. जागा भरल्यावर ती मागाहून मिळवणं अवघड.