झाडावरच्या टॅरँटुलाचा ‘फुल सेटअप’: पैसे भरण्याआधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात टॅरँटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणारी पोरं वाढली, तसे त्यांच्या मागोमाग ‘फुल सेटअप’ विकणारेही आले. साडेसात हजारांत पिंक टो या झाडावर राहणाऱ्या जातीची मादी आणि तिचं सजवलेलं घर. पैसे यूपीआयने आगाऊ, माल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. असं एक पार्सल बेळगावच्या टिळकवाडीत उतरलं आणि कोळी महिन्याभरात गेला. विक्रेत्याचं उत्तर एवढंच: "पाणी जास्त मारलंत." खोक्यातल्या कार्डावर ‘दिवसातून दोनदा फवारा’ असं त्यानेच छापलेलं. निपाणीच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्याने "पाणी कमी पडलं" म्हणून वाटेला लावलं. मेख इथेच आहे. सामान फोटोत देखणं दिसेल असं निवडायचं आणि जनावर मेलं की खापर पाळणाऱ्यावर फोडायचं. नवखा माणूस ते मान्यही करतो, कारण त्याला वाटतं चुकलं असेल आपलंच.

म्हणून त्या खोक्यातली एकेक वस्तू बघू.

पेटी म्हणजे चक्क माशांची टाकी: 45 सेंटिमीटर लांब, 30 उंच, वर लोखंडी जाळीचं सबंध झाकण. पिंक टो खोडावर, पानांच्या बेचक्यात रेशमाची नळी विणून राहतो. त्याला लांबी नको, उंची हवी. पूर्ण वाढलेल्याला तळ 20 बाय 20 आणि उंची 30 सेंटिमीटर पुरते. पिल्लाला, म्हणजे स्लिंगला, पाच-सहा सेंटिमीटर उंचीची डबी बस्स. मोठ्या पेटीत त्याला भक्ष्यच सापडत नाही. जाळीत कोळ्याच्या पायाची नखं अडकतात, ओढाताणीत पाय तुटतो. शिवाय हा कोळी घरटं वरच्या कोपऱ्यात, बहुतेकदा झाकणालाच चिकटवून विणतो. झाकण वरून उघडणारं असेल तर पाणी बदलताना दर वेळी त्याचं घर फाटतं. म्हणून दार समोरून हवं, आणि दाराखाली मातीसाठी पाच-सहा सेंटिमीटरची पट्टी सोडलेली हवी.

पण खरा घात हवेत आहे. पेटीला भोकं फक्त वर, तळाशी पाच सेंटिमीटर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाण्याने थबथबलेलं. ओली हवा खाली साचून राहते, बुरशी धरते आणि कोळी दिसायला धडधाकट असताना एक दिवस मेलेला सापडतो. पिंक टो अचानक मरतात अशी जी ख्याती आहे, तिच्यामागे बहुतेक वेळा हे कोंदट घर असतं. या कोळ्याला दमटपणा चालतो, कोंडलेला दमटपणा चालत नाही. उपाय स्वस्त आहे: समोरासमोरच्या दोन भिंतींना भोकं, एका बाजूला मातीच्या जरा वर, दुसऱ्या बाजूला झाकणाच्या जरा खाली. हवा खालून शिरते, वरून निघते. समोरच्या दाराची पेटी मिळाली नाही तर बेळगावच्या खडेबाजारात मिळणारी उंच पारदर्शक बरणी घेऊन, ती आडवी न करता उभीच ठेवून, सोल्डरिंगच्या गनने भोकं पाडता येतात. भोक आतून बाहेर पाडा, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची धार बाहेर राहील. मोठ्या कोळ्याला तीन मिलिमीटर चालेल, पिल्लाला तापवलेल्या सुईएवढंच. नियम एक: कोळ्याच्या डोके-छातीच्या कवचाच्या रुंदीपेक्षा भोक लहान हवं. पोट दबतं, कवच दबत नाही.

फवाऱ्याचं कार्ड तर सरळ फाडून टाकावं. कणकुंबी-जांबोटीकडचा मुसळधार पावसाळा वेगळा आणि अथणीचा कोरडा एप्रिल वेगळा. दोघांना ‘दिवसातून दोनदा’ कसं चालेल? जून ते सप्टेंबर खानापूर भागात फवारा बंद, नुसती पाण्याची वाटी भरलेली. मार्च-एप्रिलच्या कोरड्यात आठवड्यातून दोनदा एका भिंतीवर थोडं पाणी मारावं, कोळ्याच्या अंगावर नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते सुकलं पाहिजे. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी गळलं तर ते जास्त ओलं. वाटीत स्पंज दिला असेल तर काढून टाका. कोळ्याला त्याची गरज नसते, जंतू मात्र वाढतात.

काट्याचं आर्द्रतामापक बहुतेक अशा खोक्यांत शोभेचं असतं. तपासणं सोपं आहे: झाकणात मीठ घ्या, ते ओलसर लगदा होईल इतकंच पाणी घाला, मापकासोबत बंद पिशवीत ठेवा, रात्रभर थांबा. आत 75 टक्के आर्द्रता होते. काटा 75 च्या आसपास आला तर मापक बरं. टिळकवाडीच्या खोक्यातला काटा साठवर चिकटलेला होता, पिशवीत आणि उन्हातसुद्धा.

‘इम्पोर्टेड कॉर्क बार्क’, म्हणजे कॉर्कच्या झाडाची साल, म्हणून आलेला तुकडा रंगवलेल्या फोमचा निघाला. खरं कॉर्क हाताला हलकं लागतं, नखाने दाबलं की खळगा पडतो, कापल्यावर आतही तपकिरीच दिसतं. पांढरा किंवा पिवळसर स्पंजासारखा भाग दिसला की समजा. खरं कॉर्क महाग आहे, पण त्यावाचून अडत नाही. वेळूची पोकळ कांडी उभी, जराशी तिरकी लावली की पिंक टो तिच्या तोंडाशी विणू लागतो. ती आधी कडक उन्हात वाळवावी, पावसाळ्यात बुरशी धरली की बदलावी. लाकूड कुठून आणता ते मात्र बघा: निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पडलेलं किंवा उसात फवारणी झालेल्या बांधावरचं काहीही नको. निकोटीन आणि कीटकनाशक यांना कोळी टिकत नाही. डासांची लिक्विड मशीन त्याच खोलीत लावणंही तितकंच वाईट. खताची पूड मिसळलेलं नर्सरीचं कोकोपीटही नको.

फांदी आणि प्लास्टिकची वेल सिलिकॉनने चिकटवलेली होती आणि उघडल्यावर व्हिनेगरचा वास येत होता. सिलिकॉन पुरतं सुकलेलं नसल्याची ती खूण. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशकही असतं. मत्स्यालयाचं वापरा आणि वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन-तीन दिवस, पेटी उघडी ठेवा. तळाखालची हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आवरणाऱ्या बटणाशिवाय) आलेली. बेळगावात घरातलं तापमान वर्षातला बराच काळ 22 ते 30 अंशांत असतं, पिंक टोला तेवढं पुरतं. मॅट फक्त पाणी सुकवते आणि माती शेकते.

आता कोळी. ‘मादी’ म्हणून आलेला तो पूर्ण वाढलेला नर होता. तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं बॉक्सरच्या हातमोज्यासारखी फुगलेली, पुढच्या पायांना आकडे. असा नर शेवटची कात टाकून चुकलेला असतो. पुढे काही महिने जगतो, फार तर वर्षभर. घर कितीही चांगलं केलं असतं तरी तो फार टिकला नसता. खात्री हवी तर विक्रेत्याकडे शेवटची कात मागा, तिच्या पोटाच्या आतल्या बाजूला लिंग ओळखता येतं. "कात टाकून दिली" हे उत्तर घेऊ नका. पोटाच्या बाजूचा व्हिडिओ, त्यात त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद, एवढं मागितलं की अर्धे विक्रेते गप्प होतात.

याहून धोक्याचा प्रकार: ‘नवख्यासाठी सोपा’ म्हणून पाठवलेला कोळी पाठीवर राखाडी वेलबुट्टी आणि पुढच्या पायांखाली पिवळे पट्टे असलेला निघतो. तो पोसिलोथेरिया, आपल्याच जंगलातल्या झाडांच्या ढोलीत राहणारा. तो विजेसारखा पळतो, चावला तर स्नायूंत गोळे कित्येक दिवस येत राहतात. या गटातल्या सगळ्या जाती 2019 पासून ‘सायटीस’ या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्याचा फासही आवळला आहे. जंगलातून पकडलेला कोळी घेऊच नका. परदेशी जातीचा असेल तर त्याची आयात किंवा पैदास कुठली, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद लागते का, याचे कागद पैशाआधी बघा. विक्रेत्यांची सगळी भिस्त यावरच असते: कागद नसलेला माणूस पोलिसांत जाणार नाही.

ट्रॅव्हल्सच्या पावतीवरही ‘खेळणी’ लिहिलेलं असतं, त्यामुळे डबा फुटला तर तिथेही दाद नाही. कागद नीट असतील आणि तरी फसलात तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट आणि पार्सल उघडतानाचा न तोडलेला व्हिडिओ हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तरच ते अडवता येतात.