घर तळावर, गाडी फिरतीवर: ट्रेलरमध्ये काही महिने राहिल्यानंतरचा अनुभव

मोटरहोम (गाडी आणि घर एकच) घ्यावं की ट्रेलर (गाडीमागे ओढायचं घर), या प्रश्नाला काही महिने राहून झाल्यावर आमचं उत्तर ट्रेलर असं आहे. कारण एकच: घर तळावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, सोडून गाडी मोकळी करता येते. सहा मीटरचा ट्रेलर मागे लावला की गाडीसकट लांबी अकरा मीटरच्या आसपास जाते. एवढं लटांबर घेऊन छोट्या गावाच्या बाजारात शिरलात, तर वळायला जागा सापडेपर्यंत गाव संपलेलं असतं. मोटरहोमवाल्याला भाजी आणायची तरी वीज-पाणी तोडून सगळं बिऱ्हाड हलवावं लागतं. ट्रेलरला ही कटकट नाही, पण निघण्यापूर्वीची पंचवीस मिनिटं चोख हवीत. आतली बैठक, पडदे, टीव्ही यांबद्दल इथे काही नाही. आठवड्याभरात तिकडे कुणाचं लक्षही जात नाही.

गाडी सोडवण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलू नये. आधी डावी-उजवी पातळी, तीही ट्रेलर गाडीला जुंपलेला असतानाच: खालच्या बाजूचं चाक उतरत्या ठोकळ्यावर चढवायचं आणि दारात पाणसळ ठेवून बघायचं. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून आणि मागून पाचरी. हँडब्रेक असला तर तोही ओढायचा. त्यानंतर पुढचं जॉकी व्हील (आधाराचं छोटं चाक) खाली, मग सोडवायचे ते दिव्यांचा प्लग, आपत्कालीन ब्रेकची तार, साखळ्या आणि अगदी शेवटी कपलर, म्हणजे गाडीच्या बॉलवर (मागच्या गोळ्यावर) बसणारी ट्रेलरची पकड. पाचरीआधी कपलर उघडला आणि जमीन जराशी उतरती असली, तर ट्रेलर आपला आपण चालू लागतो. पुढची-मागची पातळी जॉकी व्हीलने साधायची आणि मग चार कोपऱ्यांचे जॅक टेकवायचे. हे जॅक फक्त हलणं थांबवण्यासाठी असतात. त्यांच्यावर ट्रेलर उचलून पातळी साधायला गेलं की चौकटीला पीळ बसतो, आणि त्याची पहिली खूण म्हणजे दार अडकायला लागतं.

पातळीचा संबंध नुसत्या झोपेशी नाही. गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज अमोनियाच्या द्रावणावर चालतो. त्यात पंप नसतो; उष्णतेने वर गेलेलं द्रावण उताराने खाली येतं आणि फिरत राहतं. ट्रेलर तीनएक अंशांपेक्षा जास्त कलला की हा प्रवाह अडखळतो, थंडावा कमी होतो, आणि तसाच बराच काळ चालवला तर नळ्या आतून कायमच्या तुंबतात. दिवसभर बाहेर असताना हे कुणाला कळतही नाही.

आता फ्रिजचाच विषय पुरा करू, कारण दिवसभराच्या फेरीत सर्वांत जास्त घोळ तिथे होतो. या फ्रिजला तीन तऱ्हेने ऊर्जा देता येते: तळावरची वीज, गॅस आणि १२ व्होल्ट. पैकी १२ व्होल्टवर तो १० ते १५ अँपिअर खेचतो. शंभर अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी असा दंडक आहे, म्हणजे हाताशी ५० अँपिअर-तास. तीन ते पाच तासांत खेळ खलास. म्हणूनच बहुतेक ट्रेलरमध्ये हा पर्याय गाडीचं इंजिन चालू असतानाच काम करतो. गाडी सोडवल्यावर स्विच १२ व्होल्टवर तसाच राहिला, तर संध्याकाळी दूध नासलेलं मिळणार. तळावर वीज असेल तर वीज, नाहीतर गॅस. गॅस दिवसाला अर्ध्या किलोच्या आत जातो. फ्रिज गार व्हायला सहा-आठ तास घेतो, तेव्हा माल भरण्याच्या आदल्या रात्रीच सुरू करावा.

कॉम्प्रेसरचा फ्रिज पातळीबाबत हट्टी नाही. तो दिवसाला ३० ते ५० अँपिअर-तास घेतो, आणि छतावर सपाट बसवलेलं १०० वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात साधारण २५ ते ३० देतं. गणित उघड आहे: निदान २०० वॉट हवेत. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असल्याने एका फांदीची सावलीसुद्धा बरंच उत्पादन खाऊन टाकते. झाडाखाली उभं केलं तर घर गार पण बॅटरी उपाशी, उन्हात उभं केलं तर उलट. आमच्या मते छतावरच्या पॅनेलपेक्षा लांब तारेचं सुटं पॅनेल जास्त उपयोगी, फक्त ते साखळीने बांधून जावं. बॅटरीचा व्होल्ट बघायचा तो तासभर काही न चालवता आणि चार्जिंग बंद ठेवून: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. ऊन असताना बघितलेला आकडा फुगलेला असतो. हे लेड-ॲसिडचं झालं. लिथियमचा व्होल्ट जवळजवळ सपाट राहतो, तिथे अँपिअर-तास मोजणारं मीटरच लागतं.

पाण्याचा पंप बंद करून निघावं. पंप दाबावर चालतो: कुठे सांधा सुटला की दाब उतरतो, पंप सुरू होतो आणि टाकी रिकामी होईपर्यंत पाणी फरशीवर ओतत राहतो. नळी थेट तळावरच्या नळाला जोडली असेल तर धोका दुप्पट, कारण तिथे टाकी संपायचा प्रश्नच नसतो. नळ बंद करायचा, आणि एरवीही दाब तीन बारच्या आसपास ठेवणारा नियंत्रक मध्ये लावायचा. सांडपाण्याची टाकी बहुधा ताज्या पाण्याची टाकी संपण्याआधीच भरते, तेव्हा सकाळची भांडी आणि अंघोळी झाल्यावर तिचा अंदाज घ्यावा. मैल्याच्या टाकीचा कॉक नळी जोडलेली असली तरी उघडा ठेवू नये. पाणी निघून जातं, घट्ट भाग आत साचून दगड होतो. दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम सोडलं की सगळं वाहून जातं. सुट्या डब्याचा संडास असेल तर दोघांना तो दोन-तीन दिवस पुरतो.

शेगडी, हीटर, गिझर बंद. फ्रिज विजेवर असेल तर सिलिंडरचा मुख्य कॉकही बंद. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत ती बाहेर जायची भोकं ठेवलेली असतात. थंडी वाजते म्हणून ती चिंध्या कोंबून बुजवणारे महाभाग आहेत, त्यांना काय म्हणावं!

ऑनिंग (दारावरचं कापडी छत) गुंडाळल्याशिवाय ट्रेलर सोडू नये, आभाळ कितीही निरभ्र असो. पावसाने कापडात साचलेलं पाणी लिटरला किलोच्या हिशेबाने वजन घालतं, आणि वाऱ्याचा एक झोत ऑनिंगचे हात वाकवून टाकतो. छताच्या झडपेवर पाऊस अडवणारी टोपी असेल तर ती बोटभर उघडी ठेवावी, नसेल तर बंद. पाळीव प्राणी एसीच्या भरवशावर आत ठेवून जाऊ नका. तळावरचा फ्यूज उडाला तर बंद ट्रेलर थोड्या वेळात भट्टी होतो आणि तुम्ही ४० किलोमीटर दूर असता.

गाडीकडे कमी लोक बघतात. ओढण्यासाठी लावलेले जादा आरसे काढा. अरुंद गल्लीत तेच आधी घासतात. बॉल सुटा होणारा असेल तर काढून ठेवा, नडगी वाचते आणि मागचे सेन्सर खोटी बोंब मारत नाहीत. साध्या कपलरच्या बॉलला ग्रीस लागतं. घर्षणाने हेलकावे रोखणारा कपलर असेल तर बॉल पूर्ण कोरडा हवा, नाहीतर त्याचे पॅड निकामी होतात. आपला कपलर कुठल्या प्रकारचा आहे ते पुस्तिकेत बघूनच काय ते करा. मागच्या चाकांत ओढण्यासाठी वाढवलेली हवा मुक्काम लांबला की नेहमीइतकी करावी, मोजायची ती चाकं थंड असताना.

फेरीबद्दल. एका बाजूला ५० ते ६० किलोमीटर आणि तीन गावं, याहून जास्त ठेवलं की निवांतपणा संपतो आणि दिवस काचेतून बघण्यात जातो. सर्वांत लांबचं गाव सकाळी गाठून परतीच्या वाटेवर बाकीची घ्यावीत. थकवा वाढतो तसं घर जवळ येतं. गावाच्या तोंडाशीच गाडी लावून पायी फिरावं. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, पण माल ताजा मिळतो. लहान गावांत दुकानं दुपारी किंवा आठवड्यातून एखादा दिवस बंद असतात, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं. कामं क्रमाने: कपडे धुवायला टाकणं आधी, म्हणजे ती वेळ फिरण्यात जाते, थंड ठेवायचा माल आणि गॅस सगळ्यात शेवटी. भरलेलं सिलिंडर गाडीत उभंच, पट्ट्याने बांधून, काच थोडी खाली करून न्यायचं आणि उन्हात तापत ठेवायचं नाही. आडवं पडलं तर सुरक्षा झडप द्रवात बुडते आणि उघडलीच तर वायूऐवजी द्रव बाहेर पडतो.

उजेडात परतावं. अनोळखी तळावर सगळे ट्रेलर रात्री एकसारखे दिसतात. दाराबाहेर दोन-तीन वॉटचा एलईडी चालू ठेवला तर रात्रभरात दोन-तीन अँपिअर-तासच जातात.

तक्रार एकच, ती ओलीबद्दल. बंद घरात श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ थंड भिंतींवर आणि गादीखाली बसते. फेरीला निघताना गाद्या उभ्या करून ठेवल्या आणि कपाटांची दारं उघडी टाकली तर बुरशी धरत नाही. गादीखाली नुसत्या प्लायऐवजी पट्ट्या असतील तर उत्तमच. दर दोन रात्रींनी मुक्काम हलवणार असाल तर मात्र ट्रेलर घेऊ नका. जुंपणं-सोडवणं प्रत्येक वेळी अर्धा तास खातं, आणि मग मोटरहोम बरं.