जांबुघोड्याकडच्या रेसिडेन्सीत साडेतीन महिने : वापरानंतरचा अनुभव

रेसिडेन्सी म्हणजे कलाकारांनी काही काळ राहून आपलं काम करायची जागा. तिचं नाव लिहीत नाही. तक्रारीही करायच्या आहेत, आणि बडोद्याच्या चित्रकारांत कोण कोणाचा मामेभाऊ निघेल याचा नेम नाही. गुजरातेत हालोल सोडून जांबुघोड्याच्या रस्त्याला लागलं की शिवराजपूरच्या आसपास कुठेतरी एक कच्ची वाट आत वळते, एवढं पुरे.

मी तिथे दोनदा राहिले. गेल्या पावसाळ्यात मध्य जुलै ते मध्य सप्टेंबर, आणि मग फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. पहिल्या मुक्कामानंतर लगेच लिहिलं असतं तर पाचपैकी दोन तारे दिले असते. बरं झालं आळस केला.

‘सेल्फ-डायरेक्टेड’ हा शब्द जाहिरातीत छान दिसतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की तुमच्याकडून कोणाला काही नको आहे. विषय दिलेला नाही, क्युरेटर नाही, शेवटी प्रदर्शन नाही, ‘ओपन स्टुडिओ’च्या दिवशी वाइनचे ग्लास घेऊन फिरणारी माणसं नाहीत. एक खोली, एक स्टुडिओ, सामायिक स्वयंपाकघर, महिन्याचे १४,००० रुपये, वीज वेगळी. अर्जात तीनच प्रश्न: काय करता, कधी येणार, सापांची भीती वाटते का.

सासूबाई म्हणाल्या, “चौदा हजार द्यायचे, एकटीनं राहायचं आणि वर स्वयंपाकही आपणच करायचा? मग आपली माडी काय वाईट आहे?” मुद्दा बिनतोड होता. आमचं घर दांडियाबाजारात, वरची माडी खरंच रिकामी. फक्त तिथे दर वीस मिनिटांनी कोणीतरी ‘काही नाही, सहज’ म्हणून डोकावतं. आणि पोटापाण्याची कापडाच्या डिझाइनची कामं त्याच टेबलावर होतात, त्यामुळे स्वतःचा, ठसे काढायचा लाकडी ब्लॉक काढला की बाजूची ऑर्डर रागानं बघत बसते.

तसं बडोद्याला कलाकाराला जागा देणं नवं नाही. गायकवाड राजघराण्याचं स्मारक असलेल्या कीर्तिमंदिरातल्या भिंती रंगवायला शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस १९३९ पासून १९४६ पर्यंत येत-जात राहिले. गंगावतरण, मीरा, नटीर पूजा आणि महाभारत अशा चार भिंती. तिथे संस्थान पैसे देत होतं, आता कलाकार देतो, फरक एवढाच. आमच्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकलेले चित्रकार विवान सुंदरम यांनी १९७६ मध्ये कसौलीला घरच्याच बंगल्यात आर्ट सेंटर काढलं होतं, तिथे मित्रांची वर्दळ असायची, वादावादी व्हायची. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये मॅकडॉवेल नावाची जागा १९०७ पासून चालू आहे, तिथे दुपारचं जेवण टोपलीत भरून स्टुडिओच्या दाराशी ठेवून जातात म्हणे. आमच्या इथे दाराशी माकडं येऊन कांदे घेऊन जातात.

मी वुडकट करते, म्हणजे लाकडी फळी कोरून, तिला शाई लावून कागदावर ठसे काढते. पुष्पबागेतल्या त्याच फॅकल्टीत ग्राफिक्स शिकले, ॲसिडनं धातूचा पत्रा कोरायचं एचिंगही केलं, पण या जागेत ॲसिड आणायला सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे. विहीर स्टुडिओपासून तीस पावलांवर, सांडपाण्याला गटार नाही. रोलर पुसायला रॉकेलही नको म्हणतात. मी आधी खाद्यतेल आणि लाकडाचा भुसा, मग साबण असं करायला लागले. वेळ दुप्पट लागतो, पण हाताची सालं निघत नाहीत. घरी आल्यावरही तेच चालू आहे.

ठसे छापायचा प्रेस नाही. हे आधी नीट विचारून घ्या, कारण फोटोत कोपऱ्यात एक लोखंडी चाक दिसतं आणि आपण समजतो प्रेस आहे. ते उसाच्या चरकाचं चाक आहे, शोभेचं. मी सगळे ठसे हातानं घासून काढले, पातळ नेपाळी कागद ब्लॉकवर ठेवून स्टीलच्या वाटीच्या बुडानं. एका ठशाला चाळीस मिनिटं.

पावसाळ्याबद्दल जाहिरातीत ‘हिरवागार’ एवढाच शब्द आहे. हिरवा होतोच, कागदसुद्धा. माझ्याकडे चांगला, जिलेटिनचं साइझिंग केलेला (म्हणजे ओल फार शोषू नये म्हणून जिलेटिन चढवलेला) कागद होता, त्यावर बाराव्या दिवशी तपकिरी ठिपके. बुरशीला ते साइझिंग म्हणजे पक्वान्न. मग उरलेला कागद स्टीलच्या पिठाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पाणी प्यायलं असं समजायचं, आणि कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. सामायिक स्वयंपाकघरात मी हे करत असताना पुण्याहून आलेल्या एक अनुवादक बाई विचारत्या झाल्या, “साबुदाणा आहे का?” तेव्हापासून कढई वेगळी ठेवली. जेलची पुन्हा पोह्यांना नको.

शाईचंही तेच. जवसाच्या तेलातली शाई नुसती सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, आणि दमट हवेत हे प्रकरण रेंगाळतं. घरी दोन-तीन दिवसांत हाताला न लागणारा ठसा इथे आठवडाभर ओला. शाई लवकर सुकवणाऱ्या कोबाल्ट ड्रायरचे दोन थेंब घातले तरी पाच दिवस. दोरीला चिमट्यांनी टांगून ठेवलेल्या एका ठशावर पतंग चिकटला, तो अजून तिथेच आहे. काढायला गेले तर आकाश निघेल.

पाणी ‘चोवीस तास’ नाही. बोअरची मोटर शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीवर आहे. गुजरातमध्ये ज्योतिग्राम योजनेनंतर घरांचा आणि शेतीचा फीडर वेगळा झाला, म्हणून दिवे-पंखे चालतात पण मोटरला लागणारी थ्री फेज वीज दिवसातले आठेक तासच, आणि ती पाळी कधी दिवसा, कधी मध्यरात्री. टाकी लहान. केअरटेकर झोपले असले की तुम्हीच उठून बटण दाबायचं. मी शिकले. नेटवर्क टाकीवर चढल्यावर मिळतं, हे मात्र मला सोयीचं पडलं.

डिपॉझिट ५,००० होतं. कोटा फरशीवर शाईचा डाग पडला म्हणून १,८०० कापले आणि बाकीचे मिळायला दोन महिने आणि सहा मेसेज लागले. वुडकटवालीला स्टुडिओ देताय तर डाग पडणारच ना बाबा! गणपतीत पाच दिवस घरी आले होते, तेही भाड्यात धरले. त्याबद्दल तक्रार नाही, बाप्पा काय त्यांच्याकडे नव्हते राहिले.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या आठ दिवसांत मी सगळ्या पटाश्यांना दोनदा धार लावली, एकही रेघ कापली नाही. कोणी विचारत नाही याची आधी मजा वाटली, मग भीती. फॅकल्टीत असताना रात्री अकरालाही कोणीतरी खांद्यावरून वाकून ‘हा काळा जास्त झालाय’ म्हणायचं, शिव्या देत का होईना आपण परत बघायचो. इथे नियमच असा, की बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या स्टुडिओत पाऊल टाकायचं नाही. सगळे इतके सभ्य, की दोन महिन्यांत माझं काम कोणी पाहिलं नाही आणि मी कोणाचं पाहिलं नाही. एकांत पुरवतात, नजर पुरवत नाहीत. जाहिरातीत हे लिहायला हवं.

एक नजर मात्र मिळाली. केअरटेकरच्या बायकोला मी काकी म्हणते, त्या मला बेन. राठवा आदिवासी आहेत. झाडायला यायच्या आणि दोरीवरचे ठसे बघत उभ्या राहायच्या, बोलायच्या नाहीत. ओट्यावरून पश्चिमेला पावागडचा डोंगर दिसतो, तो मी थेट ब्लॉकवर बघून काढला होता. ठसा निघताना चित्र आरशासारखं उलटतं हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मला उलटवून घ्यायचं सुचलं नाही असं नाही, पण तसा तो ‘कंपोझिशन’ म्हणून बरा दिसत होता. काकींनी केरसुणी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “बेन, आ आपणी बाजुनो पावागढ नथी. आ तो मारा पियरथी देखाय एवो छे.”

आपल्या बाजूचा नव्हे, माहेरून दिसतो तसला. त्यांचं माहेर जरोदकडे, डोंगराच्या पार पलीकडे. डोंगराची कड समोरच्या बाजूनं पाहिली तर उलटीच दिसणार, म्हणजे बाईंचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की जरोदची बाजू म्हणजे बडोद्याचीच बाजू. लहानपणापासून, पाऊस पडून हवा धुतली गेली की शहराबाहेरून दिसायचा तो पावागड हाच. इतक्या लांब येऊन, समोर बघून, मी घरूनच दिसणारा डोंगर कापून बसले होते आणि म्हणून तो मला ‘बरा’ वाटत होता. बडोद्यातल्या कुठल्याही चर्चेत कोणी मला विचारलं नसतं की हा डोंगर नक्की कुठे उभं राहून पाहिला.

काकींना चित्र तपासायची सवय असणार, असं मला नंतर वाटलं. त्यांच्या दिराच्या घरी पिठोरा, म्हणजे राठव्यांचं नवसाचं भिंतीचित्र आहे. ओसरी आणि आतलं घर यांच्यामधल्या भिंतीवर, घोडेच घोडे. नवस फेडण्यासाठी तो लिहवतात, लिहिणारे लखारा वेगळे आणि तो पूर्ण झाल्यावर भिंतीसमोर उभं राहून कोण कुठे आहे ते ओळखणारा बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, वेगळा. काही राहिलं असेल तर तो सांगतो. पिठोरा चित्रकार परेश राठवांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून शहरात पिठोऱ्याच्या फ्रेमा बऱ्याच दिसतात, आणि आमच्या जागेच्या पत्रकातही ‘पिठोरा वर्कशॉप’ असं छापलं होतं. ते झालंच नाही. पैसे त्याचे वेगळे घेतले नव्हते आणि दुसऱ्याच्या नवसाचं वर्कशॉप व्हावं असं मलाही वाटत नव्हतं, तेव्हा त्याचे गुण कापत नाही.

फेब्रुवारीत गेले ती अर्धवट काम घेऊन. हा सगळ्यात मोठा फरक. इथे येऊन विषय शोधू म्हणणाऱ्यांनी पहिला महिना बुडाला असंच समजावं. मी डोंगराचं ट्रेसिंग घरीच उलटवून नेलं होतं, दुसऱ्या दिवसापासून कापायला बसले. हवा कोरडी, शाई दोन दिवसांत सुकायची, पळस फुललेला. मार्चमध्ये मात्र गावात माणूस भेटत नाही. मोहाची फुलं रात्री गळतात, पहाटे वेचायची, त्यासाठी झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ केलेली, सगळीकडे धूर. काकी दुपारी यायच्या, हाताला तो गोड उग्र वास. साडेचौदा इंचांच्या त्या ब्लॉकवर मी रोज उजेड असेपर्यंतच काम करायचे, कारण ट्यूबलाइट लावली की किडे शाईत.

जांबुघोडा अभयारण्य (१९९० पासून, सुमारे १३० चौरस किलोमीटर) जवळच आहे, बिबटे आणि अस्वलं आहेत. संध्याकाळनंतर एकट्यानं फिरू नका, आणि पडलेलं लाकूडसुद्धा उचलून आणू नका. मी ब्लॉकसाठी शिवणीची फळी वाटेत एका वखारीतून घेतली. वखारवाला म्हणाला वाळलेली आहे. मी विश्वास ठेवला.

मार्चअखेरीला नवा ठसा काकींना दाखवला. आधीचा, माहेरचा, त्यांनी सप्टेंबरातच मागून नेला होता, तो कणगीच्या वर चिकटवलाय. हा त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिला, बाहेर डोंगराकडे एकदा, पुन्हा ठशाकडे. “हं.” मग म्हणाल्या, “ने लाइटो?”

आणि दिवे? रात्री डोंगरमाथ्यावरच्या देवळापर्यंत दिव्यांची ओळ चढत जाते ती. मी दिवसाचाच डोंगर कापला होता, उजेडावर काम करायचं म्हणून. तसं ते सोपं होतं. वुडकटमध्ये पांढरा ठिपका कधीही वाढवता येतो, बारीक पटाशीचं टोक टेकवायचं की झालं. घरी जाऊन करू म्हटलं.

मे महिन्यात बडोद्याच्या माडीवर पारा ४२ वर गेला आणि एका दुपारी टेबलावर टक् असा आवाज झाला. शिवणीची फळी मधोमध तडकली होती, पायथ्यापासून देवळापर्यंत. भेगेत लाकडाची लांबी (पुट्टी) भरून पाहिली, शाई त्यात साचते आणि डाग पडतो. एकसारख्या बारा ठशांची एडिशन ठरवली होती, सात निघाले, दिव्यांशिवाय.

तर चार तारे. पाण्याचा आणि डिपॉझिटचा मिळून एक कापला. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे भरून ठेवले आहेत. या वेळी फळी घरूनच नेणार आहे, दोन वर्षं माळ्यावर पडलेली, सासऱ्यांच्या जुन्या पाटाची. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.