समुद्रतळावरची वेधशाळा, रत्नागिरीतून पाहताना

मिरकरवाड्याच्या जेटीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माझ्यासारख्याला समुद्राचा पृष्ठभाग रोज दिसतो, तळ मात्र कधीच नाही. म्हणूनच ‘ओशन नेटवर्क्स कॅनडा’ची ‘ओशन्स ३.०’ ही विनामूल्य माहितीसेवा मी गेले काही महिने नेटाने वापरली. व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या या उपक्रमातील ‘नेपच्यून’ वेधशाळा २००९पासून कार्यरत असून, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हर बेटालगतच्या सुमारे ८०० किलोमीटर लांबीच्या केबलमधून तळावरील उपकरणांना वीज मिळते आणि त्यांची मोजमापेही त्याच केबलने किनाऱ्यावर येतात. बॅटरी संपण्याची भीती नाही, नोंदी आणायला जहाज पाठवण्याची गरज नाही. या रचनेचे खरे मोल तेच.

मला सर्वाधिक गुंतवले ते त्याच बेटाच्या सानिच खाडीतील प्राणवायूच्या आलेखांनी. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागातही कमी प्राणवायूचे पाणी खोलातून वर सरकते आणि त्याचा मासळीवर परिणाम होतो. तिकडची वर्षानुवर्षांची सलग नोंद पाहताना, अशी केबल आपल्याही किनाऱ्यालगत असावी, असे मनापासून वाटले.

हायड्रोफोनने, म्हणजे पाण्याखालच्या ध्वनिग्राहकाने, टिपलेले देवमाशांचे आवाज शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर ऐकवावेत. नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असल्यामुळे भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावे लागतात. नवख्याने आधी एकच ठिकाण आणि एकच मापन निवडून आठवडाभराचा आलेख काढावा.